रशियन रक्तात चाबूक? उगाच काहीही!

व्होल्गाकाठचा

परवा आमच्या शाळेच्या ग्रुपवर एक 'साभार' पोस्ट फिरत फिरत आली. थोडक्यात असं: रशियन माणसाला हजार वर्षं चाबकाची सवय आहे. मंगोलांनी ती लावली, झारांनी जोपासली, स्टालिननं पक्की केली. त्याला मोकळं सोडलं की तो आधी मालक शोधतो. आणि अमेरिकेचा राग तर त्याच्या रक्तातच. खाली सत्तावीस अंगठे. एकानं 'आपल्यालाही असाच माणूस पाहिजे' म्हणून टाळ्यासुद्धा वाजवल्या. म्हणजे आधी त्यांना गुलाम म्हणायचं आणि मग त्यांचाच मालक उसना मागायचा!

ग्रुपवर उत्तर दिलं असतं तर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या केकखाली बुडालं असतं. म्हणून इथे धागा काढतोय.

मी १९९४ ते २००० ट्वेरमध्ये होतो, मेडिकलला. मॉस्कोहून लोकलनं अडीच-तीन तास, व्होल्गाच्या काठी. ११ ऑक्टोबर १९९४ ला मला तिथे जाऊन जेमतेम महिना झाला होता. स्टेशनजवळ पैसे बदलायच्या खिडकीपुढे उभा होतो. आतली बाई पाटीवरचे आकडे काढून नवे लावत होती आणि माझा नंबर येईपर्यंत तिनं ते दोनदा बदलले. सकाळी डॉलर ३,००० रुबलच्या आसपास होता, त्या एका दिवसात ३,९०० च्या वर गेला. माझ्या खिशात बाबांनी कर्ज काढून दिलेले डॉलर, त्यामुळे मी मनातून खूश. माझ्यामागचा म्हातारा पाटीकडे बघत राहिला आणि एक अक्षर न बोलता रांगेतून निघून गेला.

दुसऱ्या वर्षापासून एका आजीकडे खोली घेतली. आयुष्यभर सूतगिरणीत राबलेली बाई. तिच्याकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बचतीचं पासबुक होतं, त्यात ५,००० रुबल. सोव्हिएत काळात तेवढ्यात मोटार यायची, आणि त्यासाठीच नवरा-बायकोनं ते साठवलेले. २ जानेवारी १९९२ ला सरकारनं भाव मोकळे सोडले आणि त्या एका वर्षात महागाई अडीच हजार टक्क्यांच्या घरात गेली. १९९३ च्या हिवाळ्यात त्या पैशांत धड बुटांचा जोड आला नसता. आजी मला पासबुक उघडून दाखवायची आणि म्हणायची, "हे बघ, इथे मोटार आहे." पुढे १९९६ मध्ये तिची पेन्शनच महिनोन्‌महिने येईना. तेव्हा तिचा एकच प्रश्न असायचा: वर कुणी आहे की नाही?

तिकडे 'सिल्नाया रुका' म्हणतात, मजबूत हात. तुम्हा-आम्हाला त्यात चाबूक दिसतो. आजीला त्यात ठरल्या तारखेला पेन्शन घेऊन येणारी पोस्टवाली दिसायची. रक्तबिक्त काही नाही, सरकार नावाची वस्तू डोळ्यांदेखत गायब झालेली बघितलेली माणसं आहेत ती.

आणि अमेरिकेचा राग म्हणाल, तर मी गेलो तेव्हा अमेरिका म्हणजे देव होता. दुकानात अमेरिकन कोंबडीच्या तंगड्या यायच्या, त्यांना लोक 'बुशच्या तंगड्या' म्हणायचे आणि आवडीनं खायचे. फिरलं ते २४ मार्च १९९९ ला, नाटोनं युगोस्लाव्हियावर बाँब टाकायला सुरुवात केली तेव्हा. पंतप्रधान प्रिमाकोव्ह वॉशिंग्टनला निघाले होते, त्यांनी अटलांटिकवरून विमान परत फिरवलं. जीन्ससाठी जीव टाकणारी माझ्या वर्गातली पोरं दुसऱ्या दिवशी म्हणाली, आज बेलग्राड, उद्या आम्ही, आम्हाला आता विचारतो कोण? रक्तात होतं तर आधी पाच वर्षं कुठे लपलं होतं?



कडू कारलं

आजीबद्दल सहानुभूती आहे. पण साहेब, तुम्ही ज्याला उत्तर म्हणताय ती वकिली आहे.

नव्वदीचं दुःख एकट्या रशियाचं नव्हतं. युक्रेनमध्ये १९९३ ची महागाई दहा हजार टक्क्यांच्या वर होती. तिथल्या आज्यांचीही पासबुकं होती, त्याच बँकेची, त्याच रंगाची. मग युक्रेनियनांनी काय केलं? १९९४ मध्ये अध्यक्ष क्रावचुक निवडणूक हरले आणि घरी गेले. २०१० मध्ये युशचेन्को, २०१९ मध्ये पोरोशेन्को, तेही तसेच. रशियात आजवर एक तरी सत्तेवरचा अध्यक्ष मतपेटीतून हरलाय का? येल्त्सिननं ३१ डिसेंबर १९९९ ला टीव्हीवर येऊन गादी सोडली आणि वारस बसवला, बास.

भूक तीच, महागाई तीच, आणि निकाल वेगळा. तेव्हा पासबुकानं सगळं उलगडत नाही. रक्त म्हणू नका हवं तर. सवय म्हणा.



ओझरचा नाना

लेख उत्तम. पण मूळ मुद्दा सगळे सोयीस्करपणे विसरतात. १९७१ च्या डिसेंबरात अमेरिकेचं सातवं आरमार बंगालच्या उपसागराकडे निघालं होतं तेव्हा आपल्या बाजूनं कोण उभं होतं? सुरक्षा समितीत नकाराधिकार कोणी वापरला, तोही पुन्हा पुन्हा? आता कुणी रशियाला नावं ठेवली की माझं टाळकं सटकतं.

मी ओझरला मिग आणि नंतर सुखोईच्या कामावर नोकरी केली. आमच्याकडे रशियन तज्ज्ञ यायचे. ऐंशीच्या दशकात आलेला एक धिप्पाड गडी कँटीनमध्ये राजकारणाचा 'र' काढायचा नाही. विचारलं की मिसळीकडे बोट दाखवून "ओचिन खराशो" म्हणायचा, फार छान. १९९३ ला तोच पुन्हा आला तेव्हा दोन रिकाम्या बॅगा घेऊन आला. जाताना लेदर जॅकेटं आणि चहा भरून नेला, तिकडे विकायला. विमानाच्या कंट्रोल सिस्टिमचा माणूस! मला म्हणाला, आमच्या देशात आता फक्त दुकानदार जगतात. त्यानंतर पुतीनबद्दल मला कुणी काही सांगायला येऊ नये.



कडू कारलं

नाना, धागा रशियन लोक आपल्या सरकारबद्दल काय विचार करतात यावर आहे. १९७१ चं आभारपत्र वेगळ्या धाग्यावर लिहा. आणि त्या आरमाराच्या वेळचा सोव्हिएत संघ म्हणजे युक्रेनसुद्धा होता, हेही त्यात नोंदवा.



प्रागची पाहुणी

अकरा वर्षं प्रागमध्ये आहे म्हणून लिहिते. 'आम्हाला विचारतो कोण' हे वाक्य वाचून हसू आलं. आमच्या इमारतीतल्या काकूंना २१ ऑगस्ट १९६८ ला कोणी विचारलं नव्हतं. त्या तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या. पहाटे सोव्हिएत रणगाड्यांच्या आवाजानं जाग आली, आणि मग मुलांनी रस्त्यांच्या नावाच्या पाट्या काढून टाकल्या, सैनिकांना पत्ते सापडू नयेत म्हणून. काकूंनी त्यातली एक पाटी अजून ठेवलीय, बाल्कनीत तिच्यावर कुंड्या असतात.

नाटो पसरली, नाटो पसरली म्हणून जे चाललंय ना, ते इथे राहून ऐकवत नाही. झेक, पोलंड, हंगेरी १९९९ मध्ये नाटोत आले ते कुणी ओढून नेलं म्हणून नाही, दार ठोठावून ठोठावून आत शिरले. २०२२ नंतर फिनलंड आणि स्वीडनही गेले. शेजाऱ्याचं प्रत्येक घर कुलूप बदलायला लागलं तर दोष कुलूपवाल्याचा का?



जुना गिरणगाव

सूतगिरणीतली आजी वाचून गलबललो. लालबागला आमच्या चाळीत सोव्हिएत मासिक यायचं, मराठीतून. वर्गणी किरकोळ, वर कॅलेंडर. आमच्या सगळ्या वह्या-पुस्तकांना त्याच गुळगुळीत पानांची कव्हरं असत. गणिताच्या वहीवर ट्रॅक्टर चालवणारी बाई, भूगोलावर धरण, इतिहासावर गागारिन. आणि चित्रांची पुस्तकं! गाडीतून प्रदर्शन यायचं, एक-दोन रुपयांत जाड पुठ्ठ्याचं पुस्तक. तो कागदाचा वास अजून नाकात आहे. अण्णाभाऊंनी स्टालिनग्राडवर पोवाडा रचला तो उगाच नाही. आजची पिढी काय जाणणार.



ठोंब्या

काका!!! आमच्याकडे पण कव्हरं तीच. पण पान इतकं गुळगुळीत की डिंक धरायचा नाही. आई भाताची शितं लावायची.



आकडेमोड

भाताचं शीत नाही हो, खळ. मैद्याची.

बरं, मुद्द्यावर. लेव्हादा सेंटर या रशियातल्या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेचे आकडे बघा. (२०१६ मध्ये सरकारनं त्यांना 'परकीय हस्तक' ठरवलं, म्हणजे सरकारी भाट नव्हेत.) सोव्हिएत संघ मोडल्याची खंत वाटते म्हणणारे २०१८ मध्ये ६६ टक्के होते. पण अमेरिकेबद्दलच्या मताचा आलेख बघाल तर तो करवतीसारखा आहे. १९९९ ला पडला, पुन्हा वर. २००३ ला इराकच्या वेळी पडला, पुन्हा वर. २००८ ला जॉर्जियाच्या युद्धात पडला, पुन्हा वर. २०१४ मध्ये रशियानं युक्रेनचा क्रिमिया घेतला त्यानंतर मात्र असा कोसळला की २०१५ च्या सुरुवातीला वाईट मत असणारे ८० टक्क्यांपुढे गेले. काही वर्षांनी तोही सावरला होता. रक्तगट दर चार वर्षांनी बदलत नसतो. टीव्ही बदलतो.



कडू कारलं

छान. आणि दारात येऊन कोणी अनोळखी माणूस "तुम्हाला अध्यक्ष आवडतात का" असं विचारतो त्याला खरं उत्तर देईल असा एक माणूस दाखवा. मार्च २०२२ पासून सैन्याबद्दल 'खोटी माहिती' पसरवली तर पंधरा वर्षांपर्यंत तुरुंग आहे. अशा देशातले टक्के म्हणजे सासूसमोर सुनेला विचारलेलं "भाजी कशी झालीय?"



आकडेमोड

तरी सून कधीतरी बोलते. १४ जून २०१८. मॉस्कोत फुटबॉल विश्वचषकाचा पहिला सामना, रशियानं सौदीला पाच गोल मारले. नेमकी त्याच दिवशी सरकारनं निवृत्तीचं वय वाढवायची घोषणा केली, पुरुषांचं ६० वरून ६५. लोक गोल मोजत बसतील असा हिशेब असावा. पुतीन यांची पसंती ८० च्या आसपास होती ती दोन महिन्यांत ६५-६७ वर आली. भीतीनं हो म्हणणारे लोक त्या दोन महिन्यांत अचानक शूर झाले का? माझं म्हणणं एवढंच की आकड्यांची उंची सोडा, चढउतार बघा.



कडू कारलं

चढउतार मान्य. उंची नाही. लिहून ठेवा, आज मी काहीतरी मान्य केलं.



जुना गिरणगाव

खळ नाही, शीतच. गिरणगावात मैदा कोण वाया घालवतो?



स्पष्टवक्ती

काका, राग मानू नका, पण त्या मासिकातल्या एकाही बाईच्या चेहऱ्यावर घाम नसायचा. माझे वडील कम्युनिस्ट पक्षाचे, घरात तेच अंक. मी लहानपणी समजायचे रशियात टोमॅटो कलिंगडाएवढे असतात. नंतर कळलं की तिथल्या बायका ब्रेडच्या रांगेत नंबर लावून उभ्या असायच्या. आमची वही सजावी म्हणून त्यांचं आयुष्य रंगवलेलं होतं. मला त्या कव्हरांचा राग येतो, खरंच.



जुना गिरणगाव

राग येऊ द्या. त्या रांगेतल्या बायकांना घर होतं, पोरांना शाळा होती, नोकरी जायची भीती नव्हती. १९८२ च्या संपानंतर आमच्या चाळीत काय झालं ते तुमच्या वडिलांना विचारा. आमच्याकडे सहा महिने रेशनच्या रांगेलाही पैसे नव्हते. रांगेची कुचेष्टा करायला पोट भरलेलं लागतं.



स्पष्टवक्ती

कुचेष्टा मी केली नाही. वडील आता नाहीत, विचारायला. आणि माझं पोट कसं भरलं ते तुम्हाला माहीत नाही, तेव्हा पोटावर जाऊ नका.



जुना गिरणगाव

चुकलो. वडिलांबद्दल माहीत नव्हतं. बाकी मतावर ठाम.



व्होल्गाकाठचा

दोन दिवस ओपीडीत अडकलो होतो, तोवर इथे डिंकावर यादवी झालेली दिसते. त्या टोमॅटोंबद्दल सांगतो. आजीला मी एकदा त्या मासिकाबद्दल सांगितलं, आमच्या वह्यांना तुमच्या ट्रॅक्टरची कव्हरं असायची म्हणून. ती पोट धरून हसली. म्हणाली, आमच्याकडे वर्तमानपत्राचा उपयोग वेगळा होता, आणि डोळा मारून संडासाकडे बोट दाखवलं. तिचे टोमॅटो डाचावरचे, म्हणजे गावाबाहेरच्या चिमुकल्या तुकड्यावरचे, कैरीएवढे आणि अर्धे हिरवे. खिडकीत मांडून पिकवायची. नव्वदीत बटाटे आणि ते टोमॅटो यांच्यावर ती जगली. तेव्हा स्पष्टवक्तीताईंचंही खरं आणि काकांचंही. गिरणी गेली तेव्हा आजीही त्या रांगेला मुकलीच की.

कारलेसाहेब, युक्रेनचा मुद्दा चोख आहे, दोन दिवस डोक्यात घोळतोय. पण बेलारूस विसरलात. १९९४ मध्ये तिथे बऱ्यापैकी मोकळी निवडणूक झाली आणि लोकांनी लुकाशेन्कोला स्वतःच्या हातानं निवडलं, 'चोरांना धरीन' म्हणाला म्हणून. २०२० मध्ये तेच बेलारूसी लाखांनी त्याच्याविरुद्ध रस्त्यावर होते. सवय असती तर उतरले असते का?

माझ्या मते रशियात फरक पडला तो दोन गोष्टींनी. एक तेल. १९९८ ला पिंपाचा भाव दहा-बारा डॉलर, २००८ च्या जुलैत १४० च्या वर. पगार आणि पेन्शन वेळेवर यायला लागल्या त्या यामुळे. मी फोनवर आजीला हे समजावलं होतं. ती म्हणाली, "तेल येल्त्सिनच्या वेळीही जमिनीतच होतं." यावर मला तेव्हाही उत्तर सुचलं नाही.

दुसरी गोष्ट, झार चांगला, सरदार वाईट. जून २००९ चं पिकाल्योवो आठवा. पीटर्सबर्गकडचं कारखान्यांचं गाव, कारखाने बंद, पगार थकलेले. लोकांनी महामार्ग अडवला. मोर्चा सरकारविरुद्ध नव्हता बरं, 'साहेब या' असा होता. पुतीन आले, तेव्हा पंतप्रधान होते. सगळ्या देशाच्या टीव्हीसमोर अब्जाधीश देरिपास्काला बोलावून करारावर सही करायला लावली. पेन टेबलावर फेकलं, त्यानं येऊन सही केली, आणि परत जायला लागला तेव्हा यांचं वाक्य: "पेन परत द्या." झालं! त्या एका वाक्यावर माणूस दहा वर्षं राज्य करू शकतो. पण कारखाने बंद पडू देणारी व्यवस्था कोणाची होती, हा प्रश्न त्या पेनाबरोबर खिशात गेला.



कडू कारलं

वा! म्हणजे तुम्ही माझीच बाजू मांडलीत आणि वर मलाच चोख म्हणालात. 'साहेब या' म्हणत महामार्ग अडवणं यालाच मी सवय म्हणतो. युक्रेनियन 'साहेब जा' म्हणून उभे राहिले.



ओझरचा नाना

आपल्याकडे मंत्र्याच्या गाडीपुढे आडवे पडणारे काय म्हणतात? 'साहेब या'च म्हणतात ना? मग आपणही गुलाम का? १९७१ चं मी पुन्हा काढत नाही, पण एकाही शहाण्यानं त्याला उत्तर दिलं नाही हे नोंदवतो.



प्रागची पाहुणी

नाना, मी देते. रशियानं आपल्याला मदत केली. धन्यवाद. म्हणून काकूंनी ती पाटी फेकून द्यावी का?



मोरजीकर

गोव्यातून लिहितो. माझं शॅक आहे, मेनू रशियनमध्ये छापलेला, 'बोर्श्च' आमचा कुक कुळागरातल्या बिटाचा करतो. २०१४ नंतर रुबल पडला तेव्हा निम्मे टेबल रिकामे. २०२२ च्या शेवटी दुसरेच लोक आले. कुटुंबं नाहीत, एकेकटे तरुण, लॅपटॉप घेऊन, महिनोन्‌महिने राहणारे. राजकारण कोणी बोलत नाही. एकदा दोन गट शेजारच्या टेबलांवर बसले, एकाच्या टीशर्टवर काहीतरी होतं, दुसरे उठून बिल न मागता पैसे ठेवून गेले. मी टीशर्टवरचं वाचू शकलो नाही. तुम्ही एक रशियन, एक रशियन म्हणता, मला तर एका संध्याकाळी दोन देश वाढायला लागतात.



व्होल्गाकाठचा

मोरजीकर, हे तुम्ही लिहिलंत म्हणून सांगतो, नाहीतर लिहिणार नव्हतो.

आजी २०११ ला गेली. तिची मुलगी ट्वेरलाच आहे, अधूनमधून व्हिडिओ कॉल होतो. नातू आयटीत. २१ सप्टेंबर २०२२ ला सैन्यभरती जाहीर झाली, तीन लाखांची. नातू चौथ्या दिवशी कझाकस्तानात होता. आई म्हणते देशावर वेळ आली आणि हा पळाला. मुलगा म्हणतो माझा देश कोणता ते आधी सांग. दोघं बोलत नाहीत. मला दोघांचेही फोन येतात आणि दोघंही एकमेकांची तब्येत माझ्याकडे विचारतात. रक्त एकच आहे हो दोघांचं.

आणि एक कबुली, कारलेसाहेबांना आवडेल. मजबूत हाताला मी नुसती पोस्टवाली म्हणालो ते अर्धंच. सप्टेंबर १९९९ मध्ये मॉस्को, बुइनाक्स्क, व्होल्गोदोन्स्कमध्ये इमारतीच्या इमारती स्फोटांत उडाल्या, तीनशेच्या आसपास माणसं मेली, बरीच झोपेत. आमच्या इमारतीत लोकांनी रात्रीची पाळी लावली. आजी थर्मास घेऊन जिन्याखाली खुर्चीवर बसायची. तिसऱ्या रात्री मी उशिरा ड्यूटीवरून आलो तर पाळीवरच्या नव्या दोघांनी धरलं. माझा रंग बघून कॉकेशसचा वाटलो, संशय तिकडच्या चेचेनांवर होता. कागद दाखवले तरी एकानं कॉलर सोडली नाही. आजी खाली आली, शिव्या देऊन मला सोडवलं. वर गेल्यावर चहा दिला आणि म्हणाली, "त्यांचं बरोबर आहे रे. आता असंच पाहिजे." चेचन्यातल्या युद्धात तेव्हा काय चाललं होतं ते तिला माहीत नव्हतं, की माहीत करून घ्यायचं नव्हतं, हे मी विचारलं नाही. त्या रात्री मला तो हात मानेवर लागला होता, आणि तरीही मी तिचा चहा प्यायलो.



कडू कारलं

यावर खवचट काही लिहिता येत नाही, म्हणून लिहीत नाही.

फक्त एक. मी युक्रेनला सवय नव्हती म्हणालो ते जरा ताणलं. त्यांच्याकडे पूर्व-पश्चिम, दोन-तीन धनदांडगे गट, त्यामुळे एकाच माणसाला सगळं गिळता आलं नाही. रशियात तेलाचा एक नळ आणि १९९३ ची राज्यघटना, तीही संसदेवर रणगाडे चालवून झाल्यावर आलेली, सगळी चावी अध्यक्षाच्या कमरेला. तेव्हा सवय हा शब्द मागे घेतो. सवलत म्हणू, एका माणसाला मिळालेली. तुमचा मुद्दा मान्य केला असं समजू नका, माझाच दुरुस्त केला.



आकडेमोड

आणि ज्याला मंगोलांचं फार वेड आहे त्यानं नोव्हगोरोद या जुन्या रशियन शहराच्या घंटेबद्दल वाचावं. लोकांना सभेला बोलवायची घंटा होती तिथे, मॉस्कोच्या तिसऱ्या इव्हाननं १४७८ मध्ये उतरवून मॉस्कोला नेली. रक्तात चाबूक असता तर घंटा चोरायची गरज काय होती?



प्रागची पाहुणी

१ मार्च २०२४ ला मी इथे बसून पुतीनविरोधक नवाल्नीच्या दफनाचं थेट प्रक्षेपण बघत होते. मॉस्कोच्या मारिनो भागात पोलिसांच्या मधून हजारो लोक फुलं घेऊन रांगेत उभे होते, आणि त्यात म्हाताऱ्या बायका किती! मी काकूंना बोलावलं. त्या बराच वेळ बघत होत्या. म्हणाल्या, "इतके आहेत?" मग लगेच, "इतकेच?" मला दोन्ही प्रश्न पटले. व्होल्गाकाठच्यांना एवढंच देऊ शकते.



ठोंब्या

सगळं वाचलं, डोळे पाणावले वगैरे, पण मला पहिल्या पोस्टपासून एकच प्रश्न आहे. आजीच्या मोटारीचं काय झालं? ५,००० रुबल बुडाले ते बुडालेच?



व्होल्गाकाठचा

अगदीच नाही. जुन्या ठेवींची भरपाई म्हाताऱ्या लोकांना थोडीथोडी, हप्त्याहप्त्यानं मिळाली. मोटारीचं चाकही आलं नसतं त्यात. मुलीनं भर घातली आणि आजीनं मोठा रंगीत टीव्ही घेतला. शेवटची वर्षं दिवसभर बातम्या लावून बसायची.



कडू कारलं

म्हणजे पैसे सरकारकडेच परत गेले.



जुना गिरणगाव

त्या मासिकाचे १९६१ ते १९६७ चे बांधीव अंक माझ्याकडे आहेत, वाळवी न लागलेले. कुणाला हवे असतील तर व्यक्तिगत निरोप करा. कव्हरं घालायला देणार नाही.